जावा मोटारसायकलीची तीन गावे

(शिक्षक, ग्रामसेवक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘जावा कोठे आहे?’ असा प्रश्न शाळेतील मुलास केला, तर भूगोलाचा अभ्यास केलेला मुलगा नकाशातील इंडोनेशियाच्या बेटावर बोट ठेवील. हाच प्रश्न गावातील साठी ओलांडलेल्या मिस्त्रीस केला, तर तो क्षणाचाही विलंब न लावता ‘म्हैसूर’ असे उत्तर देईल. आणि अलीकडे नवी गाडी घेतलेला तरुण म्हणेल, ‘इंदूरजवळ, पिथमपूरला.’ प्रश्न मोटारसायकलीविषयी असेल, तर मुलाचे उत्तर चुकले. मिस्त्री आणि तरुण या दोघांचेही उत्तर बरोबर आहे. मात्र दोघेही ज्या गाडीविषयी बोलत आहेत ती एक नव्हे. नाव एक, टाकीवरील अक्षरेही जवळपास तीच, परंतु गाडी निराळी, कारखाना निराळा, कामगार निराळे.

एखादी वस्तू कोठे तयार होते हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा आहे असे पुष्कळांना वाटते. तसे ते नाही. कारखाना चालू असेतो गाडीस सुटे भाग मिळतात, तो बंद पडला की चांगली चालणारी गाडीही एखाद्या लहानशा पट्टीसाठी अंगणात उभी राहते. ज्या गावात कारखाना येतो तेथील जमिनीचे मोल बदलते, मुलांचे शिक्षण बदलते, लग्नाच्या बोलण्यात विचारले जाणारे प्रश्नसुद्धा बदलतात. आणि ज्या गावातून कारखाना जातो तेथे काय होते, हे सांगण्यास म्हैसूरचे उदाहरण पुरेसे आहे. म्हणून या एका नावाचा प्रवास थोडा सविस्तर पाहणे अगत्याचे वाटते.

प्रथम नावाविषयी. ‘जावा’ या शब्दाचा त्या बेटाशी काहीही संबंध नाही. युरोपातील चेकोस्लोव्हाकिया या तेव्हाच्या देशात फ्रान्तिशेक यानेचेक नावाचे एक अभियंते व कारखानदार होते. त्यांचा व्यवसाय शस्त्रास्त्रांचा. पहिल्या महायुद्धानंतर शस्त्रांची मागणी मंदावली आणि यंत्रे व कुशल हात रिकामे राहू लागले, तेव्हा त्यांनी मोटारसायकलीकडे लक्ष वळविले. जर्मनीतील वान्डरर ही कंपनी त्या सुमारास मोटारसायकलीच्या धंद्यातून अंग काढून घेत होती. यानेचेक यांनी १९२९ साली तिच्या ५०० घन सेंटिमीटरच्या गाडीचे हक्क व साधने विकत घेतली. स्वतःच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे आणि वान्डररची पहिली दोन, अशी सांगड घालून ‘जावा’ हे नाव सिद्ध झाले. चेक भाषेत त्याचा उच्चार ‘यावा’ असा होतो. आपल्याकडे इंग्रजी वाचनामुळे ‘जावा’ रूढ झाले व तेच येथून पुढे वापरू.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रागमध्ये तयार झालेली पहिली जावा ही मुळात परक्या देशातील आराखड्यावरची गाडी होती. ती जड होती, महाग होती, आणि जगभर मंदीचे दिवस होते. तिच्यावर कारखाना तगला नसता. कारखाना तगला तो १९३२ साली निघालेल्या १७५ घन सेंटिमीटरच्या लहान गाडीमुळे. तिचे इंजिन इंग्लंडच्या व्हिलिअर्स कंपनीचे होते आणि आराखड्याच्या कामी जॉर्ज पॅचेट हे इंग्रज अभियंते होते. म्हणजे ज्या गाडीस पुढे अस्सल चेक म्हणून जग ओळखू लागले, तिच्या जन्मकाळी जर्मन हक्क, इंग्रज इंजिन आणि इंग्रज अभियंता होता. परक्याचे घेऊन आरंभ करण्यात कमीपणा नाही. घेतलेले आत्मसात केले की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

चेक लोकांनी ते केले. प्रागच्या दक्षिणेस साझावा नदीच्या काठी तीनेत्स नावाचे लहानसे गाव आहे, तेथे जावाचा कारखाना उभा राहिला. १९३९ च्या मार्चमध्ये जर्मन सैन्याने देश व्यापला. कारखान्यास जर्मनांची कामे करावी लागली, आणि नव्या मोटारसायकली बनविण्यास अर्थातच मुभा राहिली नाही. तरीही तेथील अभियंत्यांनी चोरून एक नवी गाडी आखली. चाचणीसाठी ती रस्त्यावर काढावयाची तर कोणास संशय येऊ नये म्हणून तिच्यावर डीकेडब्ल्यू या जर्मन गाडीचे नाव लावीत, अशी हकीकत आहे. युद्ध संपल्यावर १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी जगापुढे आली. २५० घन सेंटिमीटरचे इंजिन, पुढे दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणारे फोर्क आणि मागील चाकासही स्प्रिंग. त्या स्प्रिंगवरूनच तिला ‘पेराक’ म्हणू लागले. यानेचेक यांनी मात्र ती पाहिली नाही. ते १९४१ सालीच निवर्तले होते. युद्धानंतर कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले.

या पेराकची पुढची पिढी १९५४ मध्ये निघाली आणि तीच आपल्या देशात आली.

आता म्हैसूरकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात परदेशी मोटारसायकली मुंबई-मद्रासच्या बंदरांत उतरत आणि येथले व्यापारी त्या विकीत. परंतु परकीय चलनाची चणचण भासू लागली, तसे सरकारचे धोरण कडक होत गेले. गाडी विकावयाची असेल तर ती येथेच बनवा, आणि नुसती जुळणी न करता टप्प्याटप्प्याने सर्व भाग येथेच तयार करा, असा त्याचा रोख होता. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे एन्फील्डचा कारखाना याच काळात, १९५५ नंतर उभा राहिला. जावाच्या बाबतीत हा पुढाकार रुस्तम इराणी व फारुख इराणी यांनी घेतला. त्यांनी १९६० साली ‘आयडियल जावा’ ही कंपनी म्हैसूर येथे स्थापन केली आणि यादवगिरी भागात कारखाना उभारला. म्हैसूर राज्याचे तेव्हाचे राज्यपाल व पूर्वीचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांचा या उद्योगास आश्रय लाभला.

म्हैसूरच का, असा प्रश्न शिक्षकांना पडेल. संस्थानी काळापासून त्या मुलखात उद्योगाची परंपरा होती. शिवसमुद्रम येथे १९०२ सालीच कावेरीच्या धबधब्यावर वीज तयार होऊ लागली. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात तेथे दिवाण होते, आणि उद्योग व तंत्रशिक्षण यांचा त्यांनी जो ध्यास घेतला, त्याचे फळ पुढील पिढ्यांस मिळाले. नवा कारखाना आला तेव्हा वीज होती, रेल्वेचे वर्कशॉप होते, आणि हाती फाइल धरता येणारी, मापपट्टीवरचा बारीक आकडा वाचता येणारी माणसे होती. जमीन आणि सवलती कोणतेही सरकार देऊ शकते. माणसे मात्र दहा-वीस वर्षे आधी तयार करावी लागतात.

आरंभी चेकोस्लोव्हाकियातून सुटे भाग पेट्यांतून येत व म्हैसूरमध्ये त्यांची जुळणी होई. मग एकेक भाग येथे होऊ लागला. ज्यांनी कधी कारखाना पाहिला नाही त्यांस जुळणी आणि निर्मिती यांतील भेद चटकन उमगत नाही. घरात बाजारातून आणलेले पीठ मळून पोळ्या लाटणे निराळे आणि शेतात गहू पेरण्यापासून पोळीपर्यंत जाणे निराळे. सिलिंडर ओतावयाचा तर वाळूचे साचे, भट्टी, धातूचे मिश्रण यांचे ज्ञान हवे. ओतून झाल्यावर आतून तो असा घासावयाचा की पिस्टन अडकता कामा नये आणि सैलही राहता कामा नये. गिअरच्या दात्यांना पोलादाची कठिणता द्यावयाची तर ठरावीक उष्णतेवर तापवून ठरावीक रीतीने थंड करावे लागते. यातील प्रत्येक पायरी शिकताना पुष्कळ माल भंगारात जातो. तो खर्च ज्याने सोसला त्याच्याकडे विद्या राहते. पेट्या उघडून नट आवळणाऱ्याकडे ती राहत नाही.

म्हैसूरच्या जावाचे काही विशेष ज्येष्ठ मंडळींच्या स्मरणात असतील. सिलिंडर एकच, परंतु सायलेन्सर दोन. त्यामुळे पाहणाऱ्यास ती दुहेरी इंजिनाची वाटे. किक मारण्याचा आणि गिअर टाकण्याचा दांडा एकच होता. तो आत दाबून वर वळविला की किक, आणि खाली सोडला की गिअर. गिअर बदलताना पायाच्या दाबाने क्लच आपोआप सुटे, तेव्हा हातातील क्लचचा दांडा न दाबताही काम भागे. पहिल्यांदा बसणाऱ्याची यात हमखास फजिती होई. इंजिन दोन स्ट्रोकचे असल्याने पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. पंपावर ‘किती तेल?’ असे विचारले जाई आणि तेल कमी पडले तर पिस्टन धरत असे. पण यंत्र साधे होते. चार पाने आणि एक पेचकस जवळ असला, तर शिक्षकही रविवारी अंगणात बसून सायलेन्सरमधील काजळी साफ करू शकत. ग्रामीण भागात त्या गाडीने जे घर केले ते या साधेपणामुळे.

१९७३ च्या सुमारास म्हैसूरच्या गाडीचे नाव ‘येझदी’ झाले. चेक कंपनीशी असलेल्या कराराची मुदत सरत आली होती आणि आता गाडी स्वतःच्या नावाने विकता येण्याइतकी विद्या येथे आली होती. येझदी हे नाव इराणमधील यझ्द शहरावरून घेतले असे सांगतात. ते शहर पारशी व इराणी समाजाच्या धर्मपरंपरेचे जुने केंद्र आहे. चेक भाषेत त्याच्याशी जुळणारा, ‘चालते’ अशा अर्थाचा एक शब्दही आहे. दोन्ही गोष्टी एका नावात बसाव्यात हा योगच म्हणावयाचा. नाव बदलले तरी लोक दीर्घकाळ जावाच म्हणत राहिले, आणि येझदीची निर्यातही परदेशांत होत असे. ज्या कारखान्यात एके काळी परदेशी पेट्या उघडल्या जात, तेथूनच आता पेट्या बाहेर जाऊ लागल्या.

चेकोस्लोव्हाकियाचा आपल्या देशाशी आलेला संबंध एवढाच नव्हता, हेही जाता जाता सांगावयास हवे. हैदराबादजवळील रामचंद्रपुरम येथील जड विद्युत उपकरणांचा कारखाना त्या देशाच्या साह्याने उभा राहिला. आणि ज्या बाटाच्या चपला घालून पुष्कळ मंडळी येथे आली असतील, ती बाटाही मूळची त्याच देशातील झ्लीन गावची. कलकत्त्याजवळ बाटानगर वसले ते १९३० नंतरच्या दशकात, आणि आज खेड्यातील कोणासही बाटा परकी वाटत नाही.

म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला.

या वाक्यामागे काय होते ते नीट समजून घेतले पाहिजे. बारा वर्षांपूर्वीपासून बाजार पालटू लागला होता. जपानी कंपन्यांच्या सहकार्याने १०० घन सेंटिमीटरच्या हलक्या मोटारसायकली निघाल्या. सुझुकी १९८४ मध्ये आली, हीरो होंडा आणि यामाहा १९८५ मध्ये. यांपैकी चार स्ट्रोकच्या हीरो होंडाने तर एका लिटरमध्ये मिळणाऱ्या पल्ल्याचा हिशेबच बदलून टाकला. पेट्रोलचे भाव चढत असताना दूध घालणारा, पोस्टमन, विमा एजंट या सर्वांना आधी तोच हिशेब सुचणार. अडीचशेची दोन स्ट्रोकची गाडी त्यात मागे पडली. दुसरीकडे धुराविषयीचे नियम आले. पेट्रोलवरील वाहनांस १९९१ मध्ये मर्यादा घालण्यात आल्या आणि १९९६ मध्ये त्या अधिक कडक झाल्या. तेल जाळणाऱ्या दोन स्ट्रोकच्या इंजिनास त्या पाळणे अवघड होते. निराळे इंजिन काढणे हाच मार्ग होता. त्यास भांडवल हवे, आणि खप घसरलेल्या कारखान्यापाशी ते नसते. परक्याकडून घेतलेली विद्या म्हैसूरने पूर्ण आत्मसात केली, हे खरे. परंतु १९५४ च्या त्या आराखड्यापुढे जाण्याची तयारी वेळीच झाली नाही, असेच म्हणावे लागते.

यात कामगारांचा दोष शोधण्यात अर्थ नाही. पंचवीस-तीस वर्षे ज्या हातांनी सिलिंडर घासले त्या हातांना नवा आराखडा काढण्याचे काम कोणी दिले नव्हते. पन्नाशीच्या फिटरला त्या वयात दुसरी नोकरी शोधावी लागणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांपैकी ज्यांनी बंद गिरणी पाहिली आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

आश्चर्य असे की, मूळ गावाचीही याच सुमारास पडती झाली. तीनेत्सच्या गाड्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सोव्हिएत संघ होता. १९८९ नंतर पूर्व युरोपातील व्यवस्था कोसळली, सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, आणि ठरलेली मागणी एकाएकी नाहीशी झाली. तेथे कारखान्याचा कारभार १९९७ पासून जावा मोटो या नव्या कंपनीकडे आला व उत्पादन पूर्वीच्या मानाने फारच लहान राहिले. एका गावास जपानी स्पर्धेने व धुराच्या नियमांनी गाठले, दुसऱ्यास राज्यव्यवस्था बदलल्याने. दोन्हीकडे यंत्रे थांबली ती जवळपास एकाच काळात.

तिसरे गाव आपल्या अधिक परिचयाचे. इंदूरहून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, महूच्या पलीकडे, धार जिल्ह्यात पिथमपूर आहे. होळकर आणि पवार यांच्या संस्थानांचा हा मुलूख. इंदूर, धार, देवास येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांना माळव्याची ती काळी माती काही नवी नव्हे. १९८० नंतर मध्य प्रदेश शासनाने तेथे औद्योगिक क्षेत्र वसविले. आयशरचे ट्रक, बजाज टेम्पोची वाहने असे उद्योग एकामागून एक तेथे आले.

याच पिथमपुरात कायनेटिक होंडा स्कूटर तयार होऊ लागली. ‘लूना’ काढणारे नगर-पुण्याकडील फिरोदिया आणि जपानची होंडा यांचा तो संयुक्त उद्योग, १९८४ साली स्थापन झालेला. बटण दाबताच सुरू होणारी आणि गिअर न बदलता चालणारी ती स्कूटर शिक्षिका, परिचारिका आणि कार्यालयात जाणाऱ्या स्त्रियांना किती सोयीची झाली, हे त्या काळातील लोकांस आठवत असेल. होंडा १९९८ मध्ये त्यातून बाहेर पडली. पुढे २००८ साली महिंद्र कंपनीने कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय घेतला आणि त्याबरोबर पिथमपूरचा कारखानाही तिच्याकडे आला. महिंद्रने स्कूटर व मोटारसायकली काढून पाहिल्या. त्यांचा खप अपेक्षेइतका झाला नाही. परंतु ‘मोजो’ नावाच्या सुमारे तीनशे घन सेंटिमीटरच्या गाडीचे काम करताना मोठ्या इंजिनाचा अनुभव मात्र गाठीस आला.

तोच अनुभव पुढे उपयोगी पडला. महिंद्रचा मोठा हिस्सा असलेल्या क्लासिक लेजंड्स या कंपनीने चेक कंपनीकडून जावा नावाचा परवाना घेतला. तिच्या संस्थापकांत बोमन इराणी आहेत. ते म्हैसूरच्या रुस्तम इराणी यांचे चिरंजीव. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी नवी जावा जाहीर झाली. टाकीची गोलाई जुनी, दोन्ही बाजूंचे सायलेन्सर जुन्या रूपाचे, परंतु आतील इंजिन २९३ घन सेंटिमीटरचे, चार स्ट्रोकचे आणि पाण्याने थंड होणारे. तेच मोजोच्या इंजिनावरून पुढे नेलेले. म्हैसूरच्या इंजिनातील एकही तुकडा त्यात नाही. १३ जानेवारी २०२२ रोजी येझदी हे नावही पुन्हा बाजारात आले.

लोकांचा उत्साह एवढा होता की, २५ डिसेंबर २०१८ रोजी नोंदणी थांबवावी लागली. सप्टेंबर २०१९ पर्यंतच्या गाड्या आधीच विकल्या गेल्या होत्या. पैसे भरून बसलेल्यांना महिनोन्‌महिने थांबावे लागले आणि त्यांच्यापैकी अनेकांचा धीर सुटला. मोटारसायकल जुळविणारा कारखाना हा पुष्कळ लहानमोठ्या कारखान्यांच्या खांद्यांवर उभा असतो. टायर एकाकडून येतात, दिवे दुसऱ्याकडून, साखळी, मीटर, तारा, ब्रेक आणखी तिसऱ्या-चौथ्याकडून. नव्या जावाच्या चाकांवर एमआरएफचे टायर आले; त्या कंपनीचा जन्म मद्रासचा, आणि तिच्या अनेक कारखान्यांपैकी एक गोव्यात फोंडा तालुक्यातील उसगाव येथे आहे, हे गोमंतकीयांस ठाऊकच आहे. चकतीचे ब्रेक बायब्रेचे. हे इटलीच्या ब्रेम्बो कंपनीचे भारतातील नाव असून तिचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. यांपैकी कोणत्याही एका ठिकाणाहून येणारा माल दोन दिवस थांबला की पिथमपूरची रांग थांबते. म्हणून ‘गाडी पिथमपूरला बनते’ हे विधान खरे असूनही त्यात अर्धा देश लपलेला आहे. ओतकामाच्या बाबतीत बेळगाव आणि कोल्हापूर येथील भट्ट्यांचे मोल मोटार उद्योगात किती आहे, हे बेळगावकरांना वेगळे सांगावयास नको. तेथे उद्यमबागेत फेरफटका मारणाऱ्यास मोठ्या वाहनाच्या पाटीवर न दिसणारा कारखाना पाहावयास मिळतो.

पिथमपूरचे आणखी एक नवल आहे. बर्मिंगहॅमची बीएसए ही एके काळी इंग्लंडमधील फार मोठी मोटारसायकल कंपनी होती. तिचे नावही याच समूहाकडे आले आणि ‘गोल्ड स्टार’ ही तिची ६५२ घन सेंटिमीटरची नवी गाडी पिथमपूरला तयार होऊ लागली. डिसेंबर २०२१ मध्ये ती बर्मिंगहॅमला दाखविण्यात आली आणि आधी इंग्लंडमध्येच विकली गेली. भारतात ती १५ ऑगस्ट २०२४ रोजी आली. बीएसए हे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ या नावाचे संक्षिप्त रूप. म्हणजे तीही मुळात बंदुकांची कंपनी. शस्त्रांच्या कारखान्यातून निघालेली चेक आणि इंग्रज अशी दोन नावे माळव्यातील एकाच छपराखाली येतील, असे १९२९ साली कोणास वाटले असते?

पिथमपूर येथेच वाहनांच्या चाचणीसाठी शासनाने सुमारे ११.३ किलोमीटर लांबीची वर्तुळाकार धाव बांधली असून तिचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. म्हैसूरपाशी जे नव्हते ते यामुळे पिथमपूरपाशी आले आहे: नव्या आराखड्याची गाडी जवळच्या जवळ तपासून पाहण्याची सोय. ती वापरणारे अभियंते व चाचणीचालक माळव्यातील शाळांतून किती निघतील, हा प्रश्न मात्र तेथील शिक्षकांपुढे आहे. जुळणीच्या रांगेवरील काम आयटीआय झालेल्या मुलास मिळू शकते. आराखड्याच्या मेजापर्यंत पोहोचण्यासाठी गणिताची भीती पाचवी-सहावीतच जावी लागते.

गाडी खरेदी करणाऱ्यांसाठी एक उपयुक्त सूचना. आजकालच्या प्रत्येक गाडीच्या चौकटीवर सतरा अक्षरांचा व अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. भारतात तयार झालेल्या गाडीच्या क्रमांकाची पहिली दोन अक्षरे सामान्यतः इंग्रजी ‘एम-ए’ पासून ‘एम-ई’ पर्यंतच्या जोड्यांपैकी असतात. तेव्हा पाटीवरील नाव परदेशी असो वा देशी, गाडी कोठली ते तेथे वाचता येते. जुनी जावा किंवा येझदी घेणाऱ्याने चौकटीवरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहिल्याविना पैसे देऊ नयेत. जुन्या गाड्यांना हौशी लोकांत भाव आल्यापासून एका गाडीची चौकट व दुसरीचे इंजिन असे जोडकाम सर्रास चालते, आणि परिवहन कार्यालयात गेल्यावर खरेदीदाराची अडचण होते.

शेवटी म्हैसूरच्या गाड्यांविषयी. त्या अजून रस्त्यावर आहेत. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी देशातील अनेक शहरांत जावा-येझदीचे मालक आपापल्या गाड्या पुसून-पुसून एकत्र येतात. तेथे पिथमपूरच्या नव्या गाड्याही येतात, आणि मागून पाहिल्यास कोणती जुनी व कोणती नवी हे क्षणभर कळत नाही. परंतु जुन्या गाडीचा पिस्टन झिजला की नव्या दुकानात जाऊन उपयोग नाही. तेथील इंजिनाचा कोणताही भाग तिला बसत नाही. मालक मग भंगार बाजार धुंडाळतो, नाहीतर एखाद्या लेथवाल्याकडे जुना भाग नमुना म्हणून ठेवतो. लेथवाला तो हातात घेऊन उलटसुलट पाहतो, कॅलिपर लावतो, वहीच्या कागदावर पेन्सिलीने मापे टिपतो आणि म्हणतो, ‘चार दिवसांनी या.’